‘देवाची मर्जी’ हे उत्तर नेमकं कोणत्या प्रश्नाचं?

पेरणीला दीड महिना झाला, सोयाबीन फुलात आलं आणि पावसानं दडी मारली की मराठवाड्यातल्या बऱ्याच गावांत एक जुना उपाय निघतो. महादेवाच्या गाभाऱ्यातून पाणी जायची वाट बुजवायची आणि पिंड बुडेपर्यंत घागरी ओतायच्या. याला महादेव कोंडणं म्हणतात. पोरं अंगाला लिंबाचा पाला बांधून ‘धोंडी धोंडी पाणी दे’ करत दारोदार फिरतात. चार-आठ दिवसांत पाऊस येतो आणि गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भांडण लागतं. एक म्हणतो, देव पावला. दुसरा म्हणतो, हवामान खात्यानं आधीच सांगितलं होतं. तिसरा दोघांना ‘ग्रुपचा विषय नाही’ म्हणून गप्प करतो.

हे भांडण मिटत नाही, कारण त्यात तीन प्रश्न एकत्र कालवलेले असतात. माणूस देव का मानतो? देव मानल्यानं एखादी घटना समजते का? आणि देव आहे का? पहिला प्रश्न माणसाच्या मनाचा आहे, दुसरा ‘समजणं’ कशाला म्हणायचं याचा, तिसरा तत्त्वज्ञानाचा. पहिल्या दोघांबद्दल आज बरंच काही सांगता येतं.

रात्रीची लाइट आणि तुरीतली सळसळ

शेतीची थ्री फेज लाइट पाळीनं येते, आणि पुष्कळदा रात्रीच येते. हरभऱ्यात दारं धरून उभ्या असलेल्या माणसाला शेजारच्या तुरीत सळसळ ऐकू येते. वारा असेल, उंदीर असेल, रानडुक्कर असेल, नाहीतर घोणस. बॅटरीचा उजेड तिकडं पडायच्या आधीच पाय मागं सरकलेला असतो. हा हिशेब डोक्यानं केलेला नसतो, पण हिशेब बरोबर आहे. शंभर वेळा उगाच दचकलं तर शंभरदा दोन-दोन मिनिटं वाया जातात. एकदा दचकायचं राहिलं तर जीव जातो. पिढ्यान्‌पिढ्या जे उगाच दचकत आले, त्यांचीच आपण लेकरं.

कुठलीही हालचाल, आवाज, आकार दिसला की ‘यामागं कोण?’ असं आधी विचारायची ही सवय. तिला आपण ‘कर्ता-शोध’ म्हणू. ती किती पक्की असते, हे १९४४ साली हायडर आणि सिमेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी एका छोट्या फिल्ममधून दाखवलं. पडद्यावर एका चौकोनाच्या आतबाहेर दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ सरकतात, बाकी काही नाही. पाहणाऱ्या ३४ जणांपैकी फक्त एकानं ‘आकार सरकत होते’ असं वर्णन केलं. बाकीच्यांना त्यात जिवंत पात्रं दिसली, आणि त्यांच्यात भांडण आणि पाठलागही.

दुसरी सवय हेतू शोधायची. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ डेबोरा केलेमन यांनी लहान मुलांना विचारलं, काही दगड टोकदार का असतात? ‘बराच काळ थरावर थर साचून’ या उत्तरापेक्षा ‘प्राण्यांना अंग खाजवता यावं म्हणून’ हे उत्तर मुलांना जास्त पटलं. मोठेपणी आपण हे बोलायचं सोडतो, पण जीप उलटून एकटाच वाचलेल्या माणसाला ‘देवानं काहीतरी कामासाठीच ठेवलं’ असं म्हणताना तीच मुलं आपल्यातून बोलत असतात.

इथं एक सावधगिरी हवी. सळसळीला जास्त दचकणारा माणूस जास्त देवभोळा निघतो, असं प्रयोगांत ठामपणे दिसलेलं नाही. कर्ता-शोध फक्त रान तयार करतो. पेरणी घर आणि गाव करतं. म्हणून तुळजापुरात वाढलेल्या पोराला संकटात भवानी आठवते, नांदेडला गुरुद्वाऱ्याजवळ वाढलेल्याला वाहेगुरू आणि खुलताबादला दर्ग्याच्या सावलीत वाढलेल्याला अल्लाह. मन तिघांचं सारख्याच घडणीचं.

आणि कुठली गोष्ट पेरली की टिकते? जी जवळजवळ साधी असते, फक्त एकाच ठिकाणी साधी नसते. बांधावरचा म्हसोबा दगडच असतो. दगडासारखा जड, हलत नाही, उन्हात तापतो. फक्त ऐकतो. पिंपळावरचा मुंजा पोरगाच आहे, फक्त मेलेला. अशी एकच कळ फिरवलेली कल्पना लक्षात राहते आणि सांगायला सोपी जाते, असं पास्कल बॉयर हे मानववंशशास्त्रज्ञ म्हणतात. दहा गोष्टी उलट्या असलेला देव दुसऱ्याला सांगेपर्यंत सांगणाराच विसरतो.

बोअरला नारळ, नळाला नाही

पहिल्या महायुद्धाच्या काळात मालिनोवस्की हे अभ्यासक न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहिले. तिथले लोक आतल्या शांत खाडीत मासे धरताना मंत्रतंत्र करत नसत. तिथं मासा हमखास मिळे. उघड्या समुद्रात जायचं असलं की विधींचा मोठा थाट. माणसं तीच, धंदा तोच, फरक भरवशाचा.

आपल्याकडं हे पाहायला बेटावर जायची गरज नाही. नळाची तोटी सोडताना कुणी नारळ फोडत नाही. बोअरची गाडी रानात लागली की मात्र आधी पाणाड्या तळहातावर नारळ आडवा धरून फिरतो, नारळ जिथं उभा राहील तिथं चुन्याची खूण होते, अगरबत्ती लागते. मराठवाड्याच्या पोटात काळा पाषाण आहे. पाणी त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत असतं. भेग हुकली की नुसता फुफाटा निघतो आणि दहा फुटांवर शेजारच्याच्या बोअरला दोन इंच पाणी लागतं. फुटाला पैसे मोजायचे आणि हातात काहीच नाही, अशा जागी हात जोडले जातात. यात अडाणीपणा कमी आणि हतबलता जास्त आहे. शिकलेला माणूसही ऑपरेशन थिएटरच्या बाहेर हेच करतो.

‘पण नवस पावतो, त्याचं काय?’

हा सगळ्यांत वजनदार आक्षेप, कारण तो अनुभवावर उभा आहे. म्हणून नीट आकडे मांडू.

मूल होण्यासाठी बोललेला नवस घ्या. लग्नानंतर मूल हवं असलेल्या जोडप्यांपैकी शंभरातल्या ऐंशीहून जास्त जणांकडं पहिल्या वर्षात दिवस राहतात. उरलेल्यांपैकी साधारण निम्म्यांकडं दुसऱ्या वर्षात, काही उपचार न करता. आता वर्षभर वाट पाहून थकलेली १०० जोडपी देवीला पाळणा बोलतात असं समजा. पुढच्या वर्षी ५० घरांत बाळ येतं. ती ५० कुटुंबं वाजतगाजत येऊन पाळणा बांधतात, गावजेवण देतात, चार लोकांना सांगतात. उरलेली ५० कुठं असतात? घरी. ‘आमचा नवस पावला नाही’ असा पाळणा कुणी बांधत नाही. देवळात उभं राहून वर पाहिलं तर यश शंभर टक्के दिसतं.

पावसाचंही तसंच. खंड चार दिवसांचा असताना कुणी महादेव कोंडत नाही. पिकं माना टाकू लागली, पंधरा-वीस दिवस कोरडे गेले, की घागरी निघतात. पावसाळ्यातला खंड बहुधा काही दिवसांपासून दोनेक आठवड्यांपर्यंतचा असतो. म्हणजे उपाय सुरू होतो तोच खंड संपत आलेला असताना. फार वाईट दिवसांनंतर जरा बरे दिवस येणं यालाच संख्याशास्त्रात ‘सरासरीकडे परतणं’ म्हणतात. ताप पाचव्या दिवशी उतरणारच होता, अंगारा चौथ्या दिवशी लावला.

खरंच पडताळायचं असेल तर एक वही पुरते. तालुक्यातली ४० गावं लिहा आणि चार रकाने पाडा: महादेव कोंडला आणि आठ दिवसांत पाऊस आला, कोंडला पण आला नाही, कोंडला नाही तरी आला, कोंडला नाही आणि आला नाही. समजा कोंडणाऱ्या २० गावांपैकी १५ गावांत पाऊस झाला. ऐकायला भारी. पण न कोंडणाऱ्या २० पैकीही १५ गावांत झाला असेल, तर घागरींनी काही केलं नाही. आपली आठवण फक्त पहिला रकाना भरते. अडचण हीच की शेवटचे दोन रकाने कुणी लिहून ठेवत नाही, आणि पाऊस आल्यावर वही शोधायला सवडही नसते.

अशी वही अमेरिकेत एका मोठ्या अभ्यासात ठेवली गेली. निष्कर्ष २००६ साली छापून आले. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेचे १,८०२ रुग्ण तीन गटांत वाटले. एका गटासाठी अनोळखी लोकांनी रोज प्रार्थना केली, एकासाठी नाही, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. पहिल्या गटात ५२ टक्के रुग्णांना काही ना काही गुंतागुंत झाली, दुसऱ्यात ५१ टक्के. फरक नगण्य. तिसऱ्या गटाला ‘तुमच्यासाठी प्रार्थना होणार आहे’ असं पक्कं सांगितलं होतं. त्यांच्यात ५९ टक्के. ‘एवढी प्रार्थना लागते म्हणजे आपलं काही खरं नाही’ या धसक्यानं तसं झालं असावं, असा एक तर्क आहे. यातून एवढंच दिसतं की दुरून, अनोळखी माणसानं केलेली प्रार्थना शस्त्रक्रियेचा निकाल बदलत नाही. उशाशी बसून आईनं केलेल्या प्रार्थनेनं रुग्णाला धीर येतो की नाही, हे त्यात मोजलेलंच नव्हतं.

‘देवी’ नावाचा रोग

आता दुसरा प्रश्न: विश्वासानं काही समजतं का? मराठीत एका रोगाचं नावच ‘देवी’ आहे, त्यामुळं हा प्रश्न तिथंच तपासणं बरं.

अंगावर फोड उठले की देवी आली म्हणायचे. दाराला लिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, बाहेरच्याला मज्जाव. दहा रोग्यांतले साधारण तीन दगावत, देवी कोपली. सात वाचत, देवी प्रसन्न होऊन गेली. एकदा आलेली परत येत नसे. या समजुतीला अडाणी म्हणून झटकून टाकणं चूक आहे. ‘एकदाच येते’ हे निरीक्षण अचूक होतं, आणि बाहेरच्याला आत न घेण्यानं लागण थोडी तरी अडत असणार. पण तिला एक गोष्ट कधीच सांगता आली नाही: पुढचा कोण?

विषाणूच्या समजावणीला ते सांगता आलं. रोग्याच्या सहवासात आल्यापासून ताप भरेपर्यंत साधारण १० ते १४ दिवस जातात. म्हणजे आज फोड दिसले, तर पुढचा रोगी या आठवड्यात या खाटेजवळ बसलेल्यांतला. संपर्कानंतर तीन-चार दिवसांत त्याला लस टोचली तर रोग बहुधा टळतो, नाहीतर सौम्य होतो. मग काम ठरलं. रोगी शोधा, दारावर माणूस बसवा, कोण कोण भेटून गेलं याची यादी करा, त्यांना टोचा, मग आजूबाजूच्या घरांना. खबर देणाऱ्याला बक्षीस ठेवलं गेलं. खेड्यापाड्यांत लस टोचणाऱ्याला ‘देवीचा डॉक्टर’ म्हणत. भारतातला शेवटचा रोगी मे १९७५ मध्ये नोंदला गेला आणि १९८० साली रोग जगातूनच संपल्याचं जाहीर झालं.

दोन उत्तरांतला फरक इथं हातात धरता येतो. वाचला तरी देवी आणि गेला तरी देवी, असं जे दोन्ही बाजूंनी लागू पडतं, ते उद्या काय होईल हे सांगू शकत नाही. जे सांगतं की ‘अमुक घडलं तर माझं चुकलं’, त्याच्यावरच पुढचं पाऊल टाकता येतं. समजावणी म्हणजे एवढंच. ती ऐकायला गोड असायची गरज नाही.

‘विज्ञानाला तरी सगळं कुठं कळतं?’

नाही कळत. पावसाचंच घ्या. मराठवाडा कोरडा का, याचं पहिलं उत्तर सह्याद्री. अरबी समुद्रावरचे ढग घाट चढताना रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि डोंगराच्या सावलीतल्या आपल्या जिल्ह्यांत सातशेच्या आसपास. दुसरं उत्तर अल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचं पूर्वेकडचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापणं. त्या वर्षी आपला मान्सून बहुधा अंग चोरतो. २०१५ ला जोरदार अल निनो होता. त्यानंतरच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं.

पण १९९७ सालीही अल निनो जबर होता आणि देशात मान्सून व्यवस्थित झाला. अंदाज सपशेल चुकला. मग शोध सुरू झाला, आणि १९९९ मध्ये हिंदी महासागरातलाच एक हेलकावा मांडला गेला: त्याचं पश्चिमेचं पाणी तापलं आणि पूर्वेचं थंड झालं की अल निनोचा फटका बोथट होऊ शकतो. आज अंदाज देताना दोन्ही पाहतात. चुकता आलं म्हणून सुधारता आलं. ‘देवाची मर्जी’ हे उत्तर कधीच चुकत नाही, आणि तीच त्याची अडचण आहे. न कळलेली जागा देवाच्या नावावर लावली, की पुढच्या प्रत्येक शोधागणिक देवालाच बिऱ्हाड हलवावं लागतं. हे भक्तांनाही परवडणारं नाही.

‘कुंभाराशिवाय मडकं होतं का?’

हा युक्तिवाद परदेशातून आलेला नाही. साधारण हजार वर्षांपूर्वी मिथिलेच्या उदयनाचार्यांनी तो नेटका मांडला: मडक्याला कुंभार लागतो, तसा जगाला कर्ता. त्याला विरोध करणारेही इथलेच, आणि त्यातले काही यज्ञयाग करणारे. वेदांतल्या यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसक परंपरेतल्या कुमारिल भट्टांनी उदयनांच्या कितीतरी आधी विचारलं होतं की कर्त्याला शरीर आहे का? नसेल तर तो घडवतो कशानं? असेल तर ते कुणी घडवलं? आणि त्याला जग करायची गरज काय पडली? वेद मानणारा माणूस हे विचारत होता. सांख्य या जुन्या दर्शनानंही निर्मात्याविना गाडा हाकला.

तेरच्या गोरोबांच्या चाकापाशी बसलं की उपमेची भेग दिसते. कुंभार मडकं करतो ते आधीच असलेल्या मातीतून, पाण्यातून, हातांनी. मातीही त्यानंच केली म्हणायचं असेल, तर आपण पाहिलेला तसा एकही कुंभार नाही. ‘कुंभार स्वयंभू’ चालत असेल तर ‘माती स्वयंभू’ का चालू नये, हा प्रश्न उरतोच.

यावर जाणता भक्त म्हणेल, देव म्हणजे जगातला एक मोठा कारागीर नव्हे. जग मुळात आहे, याचाच तो आधार. हे म्हणणं वेगळं आणि जास्त खोल आहे. पण मग तो देव औंदाचा पाऊस किंवा जावयाची नोकरी समजावत नाही, हेही त्यासोबत मान्य करावं लागतं.

म्हणजे देव नाही, असं सिद्ध झालं? तेही नाही. डोळा कसा घडला हे कळल्यानं समोरचं झाड खोटं ठरत नाही, तसंच विश्वास कसा बसतो हे कळल्यानं विश्वासाचा विषय खोटा ठरत नाही. खराही ठरत नाही.

येळवशीला कुणी पुरावा मागत नाही

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, लातूर-धाराशिवकडं गावं ओस पडतात. सगळी माणसं रानात, कडब्याच्या कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, समोर भज्जी आणि आंबिलीचं मडकं. वाटेनं जाणारा अनोळखी माणूसही हाक मारून जेवायला बसवला जातो. पांडवांमुळं ज्वारी किती क्विंटल वाढते, हा प्रश्न तिथं कुणी काढत नाही, कारण तो दिवस त्या प्रश्नाचा नाही.

रिचर्ड सोसिस या मानववंशशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या सामूहिक वसाहतींचा हिशेब मांडला. धार्मिक वसाहती इतरांपेक्षा जास्त वर्षं टिकल्या, आणि त्यांच्यातही ज्यांचे नेमधर्म कडक त्या आणखी. उपास, पायी वारी, माळ यांची किंमत मोजणारा माणूस आयत्या वेळी पळ काढणार नाही, असा इतरांना भरवसा वाटतो. विश्वास बांधून ठेवतो ते असं. त्याचं हे काम आणि घटना समजावण्याचं काम, दोन्ही वेगळी.

किल्लारीत दोन्ही प्रश्न एकदम आले

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बुडवून माणसं झोपलेली. ६.२ क्षमतेचा भूकंपाचा धक्का. सुमारे दहा हजार माणसं गेली. कोप झाला, असं तेव्हा अनेकांनी म्हटलं.

तेवढ्याच ताकदीच्या भूकंपात इतर ठिकाणी इतकी माणसं मरत नाहीत. इथं मारलं ते भिंतींनी आणि माळवदांनी, म्हणजे मातीच्या सपाट छतांनी. भिंत दोन-तीन फूट रुंद, पण ती एक नव्हे: बाहेरचा दगडी थर, आतला दगडी थर, मध्ये चुरा, सगळं मातीत बांधलेलं आणि दोन थरांना सांधणारा दगड नाही. हादरली की दोन्ही थर फुगून सुटतात. वर माळवद. उन्हाळ्याचा ताव अडवायला आणि गळती थांबवायला दर काही वर्षांनी वर नवी पांढरी माती पडते, जुनी कुणी काढत नाही. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे साडेसहा टनांच्या आसपास वजन.

आफ्रिकेतल्या अझांडे लोकांत राहिलेल्या इव्हान्स-प्रिचर्ड या अभ्यासकानं असाच प्रसंग नोंदवलाय. धान्याची कणगी कोसळते, सावलीला बसलेले लोक दबतात. खांब वाळवीनं पोखरला होता हे अझांड्यांना पक्कं ठाऊक असतं. पण तेव्हाच, त्याच माणसांवर का? त्याला त्यांचं उत्तर: चेटूक. विज्ञान म्हणतं, दोन साखळ्या होत्या, एक वाळवीची आणि एक सावली शोधणाऱ्यांची. त्या एका क्षणी भेटल्या, एवढंच. किल्लारीतही एक साखळी जमिनीतल्या भेगेची होती, दुसरी माणसांच्या झोपेची. तेच एप्रिलात घडलं असतं तर कितीतरी माणसं अंगणात झोपलेली असती. हे उत्तर खरं आहे, आणि ढिगाऱ्यासमोर बसलेल्या बाईला सांगता येत नाही. तिथं शेजारीण लागते, तिसऱ्या दिवशीचा विधी लागतो, आणि तिला देवाचं नाव घ्यावंसं वाटलं तर त्यात आडवं येणारा माणूस शहाणा नव्हे.

गोंधळ होतो तो ‘मलाच का’चं उत्तर ‘भिंत का पडली’ला लावलं की. शांती करून, नारळ फोडून, त्याच मातीत तीच भिंत पुन्हा चढते. भिंतीचं उत्तर भिंतीतच द्यावं लागतं: दर दोन फूट उंचीला आणि चार-चार फुटांवर दोन्ही थरांतून आरपार जाणारा दगड, दरवाजा-खिडकीच्या वरच्या पातळीला चारी भिंतींवरून न तुटता फिरणारा सळईचा काँक्रीट पट्टा, आणि माळवदावर नवी माती टाकायच्या आधी तेवढीच जुनी खाली.